शेकाट्याच्या पायांखाली काय रंगवू?

पुणे, रविवार

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार. दिवाळीनंतर तुला पत्र नाही; रागावून झाले असेल तर पुढचे वाच. गुडघा आहे तसाच आहे, रक्तदाब गोळीच्या ताब्यात.

मुळा-मुठा नदीवरच्या कवडीच्या बंधाऱ्यापाशी लावायच्या फलकासाठी मी शेकाट्या रंगवतो आहे. पक्षी जमला आहे. अडले आहे ते त्याच्या पायांखाली. फलक लावणाऱ्या मंडळींना निळे, नितळ पाणी हवे आहे. तसे पाणी काढले तर लांब गुलाबी पाय पाण्याखालीही दिसायला हवेत. कवडीला मात्र ते पृष्ठभागाशीच संपतात, भोवती फेस आणि जलपर्णी असते, आणि शेकाट्या त्याच गाळातले किडे वेचत असतो.

म्हणून पक्षीचित्रांचे जुने ग्रंथ पुन्हा पाहिले. गूल्डच्या ‘बर्ड्‌स ऑफ ग्रेट ब्रिटन’मधला (१८६२–७३) चिखलसुद्धा आंघोळ करून आल्यासारखा दिसतो. त्या काळच्या कितीतरी चित्रकारांपुढे पेंढा भरलेली कातडीच असत. वाळल्यावर पायांचा रंग उडतो, म्हणून तो शिकाऱ्याच्या टिपणावरून भरावा लागे. ज्याने ती दलदल पाहिलीच नाही, त्याने गवताच्या दोन काड्या काढून वेळ मारून नेली, तर त्याला काय बोल लावायचा? मी मात्र कवडी पाहिली आहे.

आता अमेरिकेचा पक्षीचित्रकार ऑडुबॉन. तो प्रेतांना तारा बांधतो, म्हणून बापट सरांकडे तू माझ्याशी तावातावाने भांडलास आणि भांडता भांडता सगळी भजी एकट्याने संपवलीस. तारांचे तुझे खरेच आहे. ताजे मारलेले पक्षी तो चौकटी आखलेल्या फळीपुढे तारांनी उभे करत असे. पण त्याच्या लांब चोचीच्या कर्ल्यूमागे चार्ल्सटन शहर दिसते (ते काढले जॉर्ज लेहमनने), आणि एस्किमो कर्ल्यूच्या चित्रात तर मादी मरून पडली आहे व नर तिच्याकडे पाहतो आहे. तेव्हा त्या पक्ष्याचे प्रचंड थवे होते; त्याची शेवटची खात्रीची नोंद १९६३ ची आहे. सजावटीची हौस असलेल्या या माणसाने ना शहर लपवले, ना मृत्यू.

तरीही हात अडखळतो. फेसात उभा, धष्टपुष्ट शेकाट्या पाहून लोक म्हणतील, पक्ष्यांना घाण मानवते, मग नदीचे बिघडले काय? शेकाट्याला मानवते ते मासे टिपणाऱ्या नदी सुरयला मानवेलच असे नाही, हे एका चित्रात सांगायचे कसे? नाना म्हणतात, सुरय काढून तिच्यावर फुली मार. नानांना कुंचला द्यायचा नाही, हे आपण फार पूर्वीच ठरवले होते ते बरे.

कच्चे चित्र सोबत आहे. पायांच्या रंगावर बोलू नकोस, तो पक्ष्याकडे पाहूनच भरला आहे. पाण्याचे तेवढे कळव, छपाईला महिनाअखेर द्यायचे आहे. चिन्मयीचा निकाल लागला का? बदलीचे काय झाले? वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुधीर