ताई, त्या ३३ तासांबद्दल

ताई,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही दुसऱ्या ऑफिसात गेलात त्याला आता वर्ष होत आलं. निरोपाच्या दिवशी मी बोलायला उभी राहिले आणि दोन वाक्यं बोलून खाली बसले. जे सांगायचं होतं ते सगळं टाइमशीट, फिल्टर, शेड्यूल अशा शब्दांत अडकलेलं होतं, आणि निरोपाच्या भाषणात असलं कोणी बोलत नाही. म्हणून हे पत्र. सगळ्यांसमोर लिहितेय, कारण महिनाअखेरीला तासांचे रिपोर्ट काढत बसणारी माझ्यासारखी पुष्कळ माणसं आहेत आणि प्रत्येकाच्या वाट्याला तुम्ही येत नाही.

मी रुजू झाले तेव्हा तासांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून रिपोर्ट काढायचा म्हणजे तारखा निवडायच्या, बटण दाबायचं आणि आलेली फाईल पुढे पाठवायची, एवढंच मला ठाऊक होतं. दुसऱ्याच महिन्यात ती गोष्ट घडली. महिन्याचा रिपोर्ट काढला. सगळ्यांचे तास १६०च्या आसपास, आणि आपल्या टीममधल्या एका मुलाच्या नावापुढे १३१. मी साहेबांना मेल लिहायला घेतला होता. ‘यांचे तास कमी भरले आहेत, कृपया लक्ष घालावे.’ तुम्ही मागून जात होतात, स्क्रीनकडे बघून थांबलात.

“हा आकडा कशाचा गं?”

“त्याच्या तासांचा.”

“सगळ्या तासांचा?”

मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही खुर्ची ओढून बसलात आणि एकत्रित बेरजेचा रिपोर्ट बंद करून एकेक नोंद दिसणारा रिपोर्ट उघडायला लावलात. त्याचा महिन्याचा पहिला आठवडा जवळजवळ कोरा होता. “रोज आपल्याबरोबर बसणारा माणूस आठवडाभर काहीच करत नव्हता, असं होईल का?” तुम्ही विचारलंत, आणि मग फिल्टरवर बोट ठेवलंत. प्रोजेक्टच्या खान्यात ‘फक्त चालू’ अशी निवड होती. तो ज्या प्रोजेक्टवर होता तो पहिल्या आठवड्यातच संपला, अर्काइव्ह झाला म्हणजे चालू कामांच्या यादीतून बाजूला गेला, आणि त्याच्यासोबत त्याचे ३३ तास रिपोर्टमधून निघून गेले. नोंदी जागच्या जागी होत्या. मी जे विचारलं होतं त्यात त्या बसत नव्हत्या, इतकंच. निवड बदलली. १६४.

तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत. मेल खोडला आणि एक कोरा कागद पुढे सरकवलात. म्हणालात, बटण दाबण्याआधी इथे लिहायचं: कोणाचे तास, कुठल्या तारखांचे, कुठल्या कामांचे, ग्राहकाला बिल लागणारे की सगळे. तो कागद मी अजून वापरते. तास हा नुसता आकडा वाटतो, पण त्यावर कोणाचं तरी बिल निघतं, कोणाचा पगार ठरतो, कोणाबद्दल मत बनतं, हे मला त्या दिवशी कळलं. त्याआधी खरंच कळलेलं नव्हतं.

मग एक्सेलचे दोन दिवस आठवतात. एका सहकाऱ्याचे आठवड्याचे तास माझ्या फाईलमध्ये १७ येत होते आणि सॉफ्टवेअरमध्ये ४१. मी तीनदा बेरीज तपासली. तुम्ही नुसतं बघून म्हणालात, “२४ वजा झालेत.” एक्सेल वेळ ही दिवसाचा अंश म्हणून साठवतं, दुपारचे बारा म्हणजे ०.५. नेहमीच्या घड्याळाच्या फॉरमॅटमध्ये २४ तास पूर्ण झाले की ते दिवसात जमा होतात आणि उरलेले तेवढे दिसतात. फॉरमॅटमध्ये तासाच्या h या खुणेभोवती चौकोनी कंस घातले की पूर्ण ४१ दिसतात. दोन कंस! त्याहून नाजूक चूक दुसरी होती. साडेसात तास हाताने ७.३० असे लिहिले जात होते. दशांशात ७.३० म्हणजे ७ तास १८ मिनिटं. दिवसाला १२ मिनिटं, कामाच्या २० दिवसांत ४ तास, आणि तेही प्रत्येक माणसाचे. ४१चा १७ झाला तर निदान डोळ्यांना खटकतं, ७.३० खटकत नाही. म्हणून ती मला जास्त धोक्याची वाटते, आणि नव्या माणसाला मी सगळ्यात आधी तीच दाखवते.

राउंडिंगबद्दल, म्हणजे मिनिटं ठरावीक टप्प्यावर नेऊन पूर्ण करण्याबद्दल, थोडक्यात लिहिते. दहा-दहा मिनिटांच्या सहा नोंदी, प्रत्येक नोंद १५ मिनिटांवर चढवली तर दीड तास होतो आणि आधी बेरीज केली तर एकच तास. कुठली पद्धत घ्यायची हे ग्राहकाशी आधी ठरवायचं आणि रिपोर्टच्या वरच लिहायचं, हा तुमचा नियम. तो आम्ही मोडलेला नाही.

शेड्यूलवर मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण खरा धीर तुम्ही तिथे दिलात. दर वेळी हाताने रिपोर्ट काढणं बंद करून तो आपोआप जावा असं ठरलं आणि मी खुशीत सगळं लावून टाकलं. चाचणी घेऊया म्हणालात म्हणून निभावलं. तारखा मी १ ते ३० अशा पक्क्या टाकल्या होत्या, म्हणजे दर महिन्याला तोच जुना महिना जात राहिला असता. तिथे ‘गेला महिना’ निवडायला लावलंत. तरी पुढच्या १ तारखेला पहाटे तीनला जो रिपोर्ट आला तो त्याच्याही आधीच्या महिन्याचा! तुम्ही सेटिंगमध्ये जाऊन टाइम झोन दाखवलात. खातं यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, चालत होतं आणि आपलं घड्याळ यूटीसीच्या पुढे. आपल्याकडे १ तारीख लागली होती, पण त्या सॉफ्टवेअरच्या लेखी अजून आधीच्या महिन्याची शेवटची रात्र सरायची होती. त्यामुळे त्याचा ‘गेला महिना’ वेगळा होता.

साप्ताहिक रिपोर्ट तुम्ही शुक्रवार संध्याकाळवरून सोमवार सकाळी दहावर आणलात. शुक्रवारी सहाला लोकांचे कामाची वेळ मोजणारे टायमर चालू असतात आणि चालू टायमर आपल्या रिपोर्टमध्ये धरला जात नाही. शिवाय कोणी तरी टायमर बंद करायला विसरतं आणि सोमवारी त्याच्या नावावर साठ तास चढलेले असतात. म्हणून सोमवारी आधी लोकांनी आपापल्या नोंदी बघायच्या, नऊनंतर आठवडा लॉक, दहाला रिपोर्ट. हा क्रम लावून दिल्यापासून ‘माझे तास चुकलेत’ असे फोन जवळपास थांबले. माणसाला स्वतःचे तास दुरुस्त करायला आधी वेळ द्यायचा, मगच ते इतरांना दाखवायचे, यात तुमचा सगळा स्वभाव आहे.

आणि जाताना जे केलंत ते मला फार उशिरा उमगलं. शेवटच्या आठवड्यात तुम्ही सगळी शेड्यूल्स स्वतःच्या नावावरून काढून ऑफिसच्या सामायिक खात्यावर टाकलीत. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये शेड्यूल हे बनवणाऱ्याच्या अधिकारांवर चालतं. तुमचं खातं बंद झालं असतं त्या दिवशी सगळे रिपोर्ट मुकाट्याने थांबले असते. चुकीचा मेल आला तर कोणी तरी ओरडतं, न आलेला मेल कोणाला दिसतच नाही. म्हणून सोमवारी साडेदहाला ‘रिपोर्ट आला का?’ अशी आठवण माझ्या कॅलेंडरमध्ये तुम्हीच टाकून गेलात. ती दर सोमवारी वाजते. मी इनबॉक्स उघडते, रिपोर्ट आलेला असतो, आणि मनातल्या मनात तुम्हाला नमस्कार करते.

तो मुलगा आता आपल्याच टीमचं एक मोठं काम सांभाळतो. त्याच्याबद्दलचा तो मेल अर्धा लिहून झाला होता, हे त्याला कालपर्यंत माहीत नव्हतं. मीही कधी सांगितलं नव्हतं. काल संध्याकाळी सांगितलं, कारण हे पत्र त्याच्या नजरेला पडणारच होतं. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “ताईंना माझाही नमस्कार लिही.”

तो लिहिला आहे.

तुमची,
खिडकीजवळच्या टेबलावरची