राईतली झाडं मोजण्याआधी

प्रिय मंदार,

तुझं पत्र मिळालं. भीमाशंकरच्या अंगाला तुमच्या वाडीवर जी राई आहे, तिच्यातल्या झाडांत कार्बन किती साठलाय, याचा अंदाज फोटो पाहून सांग म्हणतोस. तसा तो सांगता येत नाही रे. मोजायचंच तर नीट मोजू, आणि कार्बनच्या जोडीला झाडांच्या जातीही मोजू. माझा सगळा आग्रह या दुसऱ्या गोष्टीसाठी आहे.

पद्धत अवघड नाही. जमिनीपासून १.३ मीटरवर, म्हणजे छातीच्या उंचीला, खोडाचा घेर घ्यायचा. उतारावर झाडाच्या वरच्या अंगाला उभं राहून ही उंची धरायची. घेराला ३.१४ ने भागलं की व्यास आला. व्यास, उंची आणि लाकडाची घनता यांवरून झाडाचं कोरडं वजन काढतात; त्यातला साधारण ४७ टक्के कार्बन. घनता विसरून चालत नाही. सावर आणि अंजनी सारख्या घेराच्या असल्या, तरी अंजनीचं लाकूड कितीतरी जड.

डोंगरात मेख आहे ती उताराची. ३० अंशांच्या चढावर २० मीटर टेप टाकलीस, तर आडवं अंतर १७.३ मीटरच भरतं. तुझा ४०० चौरस मीटरचा चौकोन मग प्रत्यक्षात ३४६ चा होतो आणि हेक्टरी कार्बन उगाच कमी दिसतो. तिथे टेप २३.१ मीटर सोडायची.

गारंबीचा वेल खोडाला आवळून बसलेला असतो, वर शेवाळ. तिथे टेप वेलाच्या आतून ओवायची. बोटं सोलवटतात, पण वरून फिरवली तर वेलाची जाडीही झाडाच्या नावावर चढते. आणि राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, तोडलेल्या झाडांना बुंध्यातूनच फुटवे आलेले असतात, त्यांचे घेर वेगवेगळे लिही. ३० सेंटीमीटर घेराचे चार फुटवे म्हणजे १२० चं एक खोड नव्हे. त्या खोडाचा छेद चारही फुटव्यांच्या एकत्रित छेदाच्या चौपट असतो.

आता जाती. समज, दोन चौकोनांत १००-१०० झाडं आहेत, दोन्हीकडे चार जाती. एकात प्रत्येकीची २५, दुसऱ्यात एकीचीच ९७ आणि बाकीच्यांचं एकेक. शॅनन निर्देशांक, म्हणजे जातींची विविधता जास्त तितका मोठा येणारा आकडा, पहिल्याचा १.३९, दुसऱ्याचा ०.१७. कार्बन मात्र दोन्हीकडे सारखा निघू शकतो! म्हणून नुसत्या टनांवर रानाची किंमत ठरवणं मला मुळीच पटत नाही. कड्यावरचं अंजनी, जांभूळ आणि पिसा या झाडांचं रान वाऱ्यामुळे आणि उथळ मातीमुळे खुजं राहतं. टनांच्या हिशेबात ते मागे पडणार, आणि उद्या कोणी म्हणेल, हे काढा, ऑस्ट्रेलियन बाभूळ लावा.

१९७० च्या दशकात परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक देवरायांचा अभ्यास करत होते, तेव्हा कार्बनचं कोणी विचारत नव्हतं. राया राखण्याजोग्या तेव्हाही होत्याच.

दिवाळीनंतर मी येतो. पाऊस उघडलेला असेल, पानं अजून झाडावर असतील, ओळख पटायला बरं. तोवर १.३ मीटरची एक काठी कापून ठेव आणि हिरड्याच्या हंगामात रानात फिरणाऱ्या दोघा-तिघा जाणत्यांना आपल्याबरोबर यायला विचार. मोठ्या झाडांखालची रोपंही जातवार लिहायची आहेत, त्यासाठी वेगळी वही लागेल. आणि आकडे हाती येईपर्यंत कुठल्याही कागदावर सही करू नका, हे ग्रामसभेत नक्की सांग.

काकूंना नमस्कार.

तुझा,
सुहास