आधी रस्ता विचारणाऱ्या मेस्त्रींना

ती. मेस्त्री,
स. न. वि. वि.

जुनी गाडी बघायला गेलं की माणूस मॉडेल, रंग आणि किलोमीटर विचारतो. तुम्ही बॉनेटला हात लावायच्या आधी विचारलंत, "रोज किती चालवणार, आन् कुठल्या रस्त्यानं?" पुढचं सगळं त्या एका प्रश्नानं ठरलं. त्याबद्दल हे आभाराचं पत्र, आणि ते जाहीर लिहितोय, कारण लहान एसयूव्हीच्या शोधात असलेल्या दुसऱ्या कुणाच्याही ते कामी यावं. तुमचं नाव लिहीत नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात तुमच्या शटरसमोर ज्याची गाडी एकदा उभी राहिलीय, तो ओळखेलच.

राजारामपुरी ते शिरोली एमआयडीसी, जाऊन-येऊन साधारण २२ किलोमीटर, मधे कावळा नाका आणि सिग्नल. महिन्यातून एखाद्या वेळी गगनबावडा किंवा आंबा घाट. हे ऐकल्या ऐकल्या तुम्ही डिझेल यादीतून काढलंत आणि कारण समजेपर्यंत सांगितलंत. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६, म्हणजे धुराच्या कडक नियमांतल्या, डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी धरणारा फिल्टर असतो, डीपीएफ. साठलेली काजळी जाळायला गाडी ६०च्या पुढच्या वेगानं सलग पंधरा-वीस मिनिटं पळावी लागते. शहरात ती तापायच्या आतच बंद होते. मग काजळी अर्धवट जळते, त्यासाठी जादा सोडलेलं डिझेल सिलिंडरच्या कडेनं खाली उतरतं आणि इंजिन ऑइलमध्ये मिसळतं. म्हणून बीएस-६ डिझेलची ऑइलची पट्टी ओढून बघायची. पातळी वरच्या खुणेच्याही वर असेल तर कुणी ऑइल जास्त ओतलंय असं समजून सोडून द्यायचं नाही. ती गाडी नुसती गावात फिरलेली असण्याची शक्यता मोठी. अशी गोष्ट जाहिरातीत कुणी छापत नाही. निव्वळ या एका गोष्टीसाठीही तुमचे आभार मानायला हवेत.

पैशांचा हिशेबही तुम्ही खडूनं शटरवरच मांडलात. वर्षाला ३०० दिवस धरले तर ६,६०० किलोमीटर. पेट्रोल गाडी गावात १३चं ॲव्हरेज देते आणि डिझेल १७चं, भाव १०४ आणि ९१ रुपये धरले, तर पेट्रोलला ५२,८०० आणि डिझेलला ३५,३०० रुपये. वर्षाचा फरक साडेसतरा हजार. त्याच वर्षाची, तेवढीच चाललेली डिझेल गाडी लाखभर महाग मिळाली, तर ते पैसे वसूल व्हायला पावणेसहा वर्षं लागतात, आणि मधे इंजेक्टरचं काम निघालं की सगळा हिशेब उलटतो. रोज सांगलीला जाऊन येणाऱ्याला मात्र तुम्ही डिझेलच सांगता. तिथं फिल्टरही साफ राहतो आणि पैसेही फिटतात.

मॉडेलबद्दल तुम्ही कुणाची बाजू घेतली नाहीत. मारुतीची ब्रेझा २०१६ साली आली ती १.३ लिटर डिझेलमध्ये; १.५ लिटरचं चार सिलिंडरी पेट्रोल इंजिन तिला २०२० मध्ये मिळालं. त्याला टर्बो नाही, आणि टायमिंगला, म्हणजे व्हॉल्व्हची वेळ राखायला, पट्ट्याऐवजी चेन आहे. रोजच्या तुटक फिरण्याला यापेक्षा सोसणारं इंजिन शोधू नका, हे तुमचं मत. टाटाची नेक्सॉन २०१७ची. २०१८ च्या डिसेंबरात ग्लोबल एनकॅपच्या अपघात-सुरक्षा चाचणीत पाच तारे मिळवणारी ती भारतात बनलेली पहिली गाडी. ज्याला लहान मुलं घेऊन हायवेला जायचं आहे त्यानं ती आधी बघावी, फक्त टर्बोच्या पाइपांना तेलाचा ओलावा आहे का ते बोट फिरवून तपासावं. ह्युंदाईची व्हेन्यू चालवायला हलकी, पण मागं तिघं बसले की खांदे अडतात. महिंद्राची एक्सयूव्ही ३०० मजबूत; डिकी मात्र लहान. फोर्डनं २०२१ साली भारतात गाड्या बनवणं थांबवायचं जाहीर केलं, त्यामुळे इकोस्पोर्ट रस्त्यावर कितीही छान वाटली तरी दार, दिवा, बंपर लागला की वाट बघायची तयारी हवी. रेनॉच्या डस्टरला घाटात तोड नाही, पण तिच्या डिझेलला टायमिंग बेल्ट आहे. बदलल्याचं बिल नसेल तर बदललाच नाही असं धरायचं, कारण पट्टा तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. पट्टा, टेन्शनर आणि वॉटर पंप एकाच वेळी.

मॉडेल ठरलं की निम्मं काम झालं असं वाटतं. तुम्ही म्हणालात, "मॉडेल घरी बसून बी ठरतंय. समोर हुबी हाय ती गाडी बघायची." आणि खरी शिकवणी तिथून सुरू झाली.

आपल्याकडं पहिली शंका पुराची. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै, दोन्ही वेळा पाणी पन्नाशीच्या वर गेलं. व्हीनस कॉर्नर, कुंभार गल्ली, सुतारवाडा, चिखली, आंबेवाडी, शिरोळ तालुक्याचा मोठा भाग. कितीतरी गाड्या दारातच बुडाल्या. त्यातल्या काही धुऊन, पॉलिश करून आजही फिरतायत. आपण बघायला गेलेल्या एका पांढऱ्या गाडीचा चालकाच्या बाजूचा सीट बेल्ट तुम्ही पुढं ओढत राहिलात, ओढत राहिलात, पार शेवटपर्यंत. वरचा पट्टा काळाभोर नवा. शेवटच्या वीतभर भागावर आडवी तपकिरी रेघ, आणि नख मारल्यावर निघालेली वाळलेल्या गाळाची भुकटी. रोजच्या वापरात तेवढा पट्टा कधीच बाहेर येत नाही, म्हणून धुणाऱ्याचा हातही तिथं पोचत नाही. मग बेल्टच्या मुळाशी शिवलेलं लेबल दाखवलंत: त्यावर बनवल्याची तारीख असते, आणि ती गाडीच्या वर्षाशी जुळायला हवी. पुढचे बेल्ट नवे आणि गाडी जुनी, तर बेल्ट का बदलले हे विचारायलाच हवं.

बुडालेल्या गाडीचं दुखणं लगेच दिसत नाही, हे तुम्ही किती नीट उलगडून सांगितलंत. पाणी निघून जातं, पण गाळ वायरिंगच्या कनेक्टरांत बसतो. तांब्यावर हिरवट गंज चढतो, करंट नीट जात नाही. आधी एबीएसचा दिवा लागतो, मग एअरबॅगचा, आणि वर्षभरानं एखाद्या सकाळी गाडी सुरूच होत नाही. म्हणून सीटखालच्या रुळांचे बोल्ट, स्टेपनीच्या खड्ड्याचे कोपरे, चटईखालचा फोम आणि फ्यूज बॉक्सची मागची बाजू बघायची. इंजिन सुरू न करता चावी 'ऑन'वर फिरवली की एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे. लागलाच नाही, तर त्याचा अर्थ सगळं ठीक आहे असा नाही. तो बहुतेक कुणीतरी बंद करून ठेवलाय. सिंधुदुर्ग-रत्नागिरी पासिंगची, म्हणजे एमएच-०७ आणि ०८ची गाडी असेल तर ती जॅकवर घेऊन खालून बघायची, खाऱ्या हवेनं ब्रेकच्या नळ्या आणि दारांच्या खालच्या कडा आधी खाल्ल्या जातात.

ठोकलेल्या गाडीची खूण तुम्ही बोल्टवर दाखवलीत. बॉनेटच्या बिजागरीचा आणि पुढच्या पंख्याचा, म्हणजे चाकावरच्या पत्र्याचा, बोल्ट कंपनीत रंगासकट एकसंध असतो. पान्याच्या कडेनं रंगाचा टवका उडालेला दिसला, की तो भाग एकदा तरी उतरलाय. नुसता पंखा बदललेला असेल तर घाबरायचं कारण नाही, गावातली गाडी घासतेच. पण आतली ॲप्रनची पट्टी, चॅसीची पुढची दांडी किंवा छताचे खांब यांच्यावर हातानं लावलेलं सीलंट दिसलं तर किंमत विचारूही नये. रंगाची जाडी मोजायचं यंत्र कंपनीच्या रंगाला शंभर-सव्वाशे मायक्रॉनच्या आसपास आकडा दाखवतं. दोनशेच्या वर गेलं तर पुन्हा रंगवलेलं, आणि पाचशेच्या पुढं गेलं की खाली पुट्टी.

इंजिन थंड असतानाच सुरू करायचं, हा तुमचा नियम. "गरम करून ठिवलीया म्हंजे कायतरी झाकायचं हाय." गिऱ्हाईक यायच्या आधीच ज्याची गाडी 'जरा फिरवून आणलेली' असते, त्याला दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ मागायची. थंड इंजिन सुरू करून सायलेन्सरकडं बघायचं: निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, गाडी तापल्यावरही न थांबणारा पांढरा धूर म्हणजे कूलंट आत जातंय. मग इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण सोडून नुसतं वर ठेवायचं. हलकं थरथरलं तर ठीक. फुसफुस करत उडायला लागलं तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात.

किलोमीटरचा आकडा तुम्ही शेवटी बघितलात, हेही शिकण्यासारखं. ३८,००० लिहिलंय आणि क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, हे एकमेकांना शोभत नाही. टायरवरच्या तारखेचे चार आकडे, म्हणजे २३१९ असेल तर २०१९ सालचा २३वा आठवडा, आणि सर्व्हिसच्या बिलांवरचे आकडे शेजारी ठेवले की खरं-खोटं निम्मं तिथंच कळतं. स्कॅनर लावून एरर किती किलोमीटरपूर्वी पुसल्यात तेही वाचलंत. परवाच पुसलेल्या असतील तर यादी कोरी असण्याला काही किंमत नाही.

चालवून बघायला तुम्ही पन्हाळ्याच्या रस्त्याला नेलंत, सपाटीला नाही. चढावर चौथ्या गिअरमध्ये पाय दाबल्यावर इंजिनचा आवाज चढतो आणि वेग तसाच राहतो, म्हणजे क्लच प्लेट घसरतेय. ते काम गिअर बॉक्स उतरवूनच होतं, आणि प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग तिन्ही एकदमच बदलावी लागतात. उतरताना ब्रेकवर स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क वाकल्यात. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू फिरवल्यावर कटकट आली तर ॲक्सलचा बाहेरचा जॉइंट. खड्ड्यात नुसतं खट वाजलं तर बहुतेक सस्पेन्शनचा लिंक रॉड, तो स्वस्तातला. आवाज एकसारखे वाटतात, खर्चात मात्र दहापट फरक. तो फरक कानानं ओळखायला तुम्ही तीनदा गाडी त्याच खड्ड्यातून नेलीत, त्या धीराबद्दल विशेष आभार.

कागदांचं तुम्ही थोडक्यात सांगितलंत, पण एकही गोष्ट सोडली नाहीत. आरसीवरचा चॅसी नंबर गाडीवरच्या नंबरशी स्वतः ताडून बघायचा. बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे द्यायचे नाहीत. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, थकलेली ई-चलनं विकणाऱ्यानं भरायची, आणि दोन्ही चाव्या मागून घ्यायच्या. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची हप्त्यातली सूट, विकणाऱ्याबरोबर जातो, त्यामुळे हप्त्यातल्या फरकाची रक्कम धरून ठेवायची. निपाणी-बेळगावकडची केए पासिंगची गाडी स्वस्त दिसते, पण कायम इथंच वापरायची तर फॉर्म २८ची एनओसी आणून महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. तिकडं भरलेल्या कराचा परतावा मागायला वेगळा अर्ज. तो कर किमतीत मिळवल्यावर किती स्वस्ताई उरते ते बघा, असं म्हणून तुम्ही गप्प बसलात. उरली नव्हती.

शेवटी निवडलेल्या २०२१ च्या पेट्रोल ब्रेझाचंही तुम्ही कौतुक केलं नाहीत. सिगारेटच्या पाकिटाएवढ्या कागदावर लिहिलंत: चार टायर, पुढचे ब्रेक पॅड, दोन्ही लिंक रॉड, ब्रेक ऑइल. बेरीज करून तो कागद विकणाऱ्यासमोर ठेवलात आणि तेवढी रक्कम किमतीतून कमी झाली, आवाज न चढवता. विकणाऱ्याकडून दलाली घ्यायची नाही, तपासणीची मजुरी गाडी घेणाऱ्याकडून उघड घ्यायची, हा तुमचा रिवाज आहे. म्हणूनच दोन गाड्यांना तुम्ही 'नको' म्हणालात तेव्हा त्या 'नको'वर विश्वास ठेवता आला. त्या दोन नकारांचे आभार होकारापेक्षा जास्त.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर आणि एसीचा फिल्टर पहिल्याच आठवड्यात बदलले. एसीच्या फिल्टरमधून उसाची चिपाडं निघाली, तुमचा अंदाज बरोबर होता. लिंक रॉडचा आवाज गेलाय. उजव्या वळणावर मागून बारीक कुरकुर येते. हजार किलोमीटर झाले की दाखवायला आणतो.

कळावे, लोभ आहेच.

आपला कृतज्ञ,
राजारामपुरीतला एक गिऱ्हाईक