कोविड वॉर्डातल्या सिस्टरांना उशा हव्यात, जुने मोबाईल हवेत

(एप्रिल २०२१, कोविडची दुसरी लाट)

नमस्कार मंडळी, गेल्या आठवड्यात आपल्या मंडळाची पोरं उपजिल्हा रुग्णालयात पाण्याचे जार द्यायला गेली होती, तिथल्या सिस्टरना विचारलं ताई अजून काय हवं, आम्हाला वाटलं मास्क सॅनिटायझर सांगतील, त्या म्हणाल्या उशा द्या.

मग त्यांनीच समजावलं. रक्तातला ऑक्सिजन ९४ टक्क्यांच्या खाली यायला लागला की पेशंटला पालथं झोपवतात, त्याने श्वास सुधारतो. त्याला ४-५ उशा लागतात, एक मानेखाली, एक-दोन छातीपासून मांड्यांपर्यंत, दोन नडग्यांखाली. इथे खाटेमागे एकच उशी. बाकी ब्लँकेटच्या घड्या करून भागवतायत. पीपीई किट (अंगभर संरक्षक पोशाख) घातलेल्या दोघीजणींनी सलाईन, मास्कची नळी सांभाळत सत्तरीच्या आजोबांना पालथं करायचं, त्यात घडी सरकली की परत पहिल्यापासून.

आपल्याच गल्लीतल्या एक काकू ११ दिवस तिथे होत्या, आता घरी आल्यात. त्या सांगतात सिस्टरचा चेहरा शेवटपर्यंत दिसला नाही, किटवर मार्करने लिहिलेलं नाव तेवढं माहीत. नातेवाईकांना आत सोडत नाहीत म्हणून पेज भरवणं, तोंड पुसणं, वेणी घालणं सगळं त्याच करायच्या. शेजारची खाट रिकामी झाली त्या रात्री काकूंना झोप लागेना तर सिस्टर हात धरून बसली, काकू म्हणाल्या दोन-दोन ग्लोव्ह्ज असून हात गरम लागत होता गं. आणि मुलाशी व्हिडिओ कॉल लावून द्यायची तो स्वतःचा फोन प्लास्टिकमध्ये गुंडाळून, स्वतःच्या रिचार्जवर.

किट एकदा घातलं की पाच-सहा तास पाणी नाही, बाथरूम नाही, आणि हा एप्रिलचा उकाडा. गेल्या वर्षी, २२ मार्च २०२० ला, आपण सगळ्यांनी मनापासून थाळ्या वाजवल्या होत्या, आता त्यांनी तोंडाने मागितलंय ते देऊया.

वॉर्डात ३० खाटा आहेत, खाटेमागे निदान ३ उशा जास्तीच्या धरल्या तर ९० होतात. वापरलेल्या नकोत, रेक्झिनचं कव्हर असलेल्याच हव्यात कारण पुसून दुसऱ्या पेशंटला देता येतात. आपले गादीवाले दादा नफा न घेता बनवून देतायत, कव्हरसकट २२० रुपये. एक उशी दिली तरी चालेल. कॅमेरा चालू असलेले ४-५ जुने स्मार्टफोन चार्जरसकट हवेत, रिचार्ज मंडळ करेल. वाकणारे स्ट्रॉ, ओआरएसची पाकिटं, ओठांना लावायला व्हॅसलिन पण घेऊ.

रात्रपाळीच्या सिस्टरांना डबा हवाय. हॉटेलं बंद आहेत, मधल्या वेळी किट काढल्यावर बिस्किटं खाऊन परत आत जातात. पोळी-भाजी, वरणभात, घरात जे होईल ते, फक्त तिखट कमी. कोण कुठल्या वारी देणार ते आधी सांगा म्हणजे एकाच दिवशी गर्दी होणार नाही.

आणि एक, कोणाकडे सिस्टर भाड्याने राहत असतील तर त्यांना खोली सोडा म्हणू नका, प्लीज.

दुकानं ७ ते ११ उघडी असतात त्याच वेळेत मंडपाबाहेरच्या टेबलावर वस्तू ठेवा, नाव वहीत लिहा, थांबू नका. सगळी बिलं ग्रुपवर टाकू. १२ मेला परिचारिका दिन आहे, त्याच्या आत ९० उशा पोचवायच्यात. घरी शिलाई मशीन असेल त्यांनी आजच कळवा, कव्हरं शिवायला दादांना माणसं कमी पडतायत.