खर्च वसूल करायचाच, तर आधी आमचा द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दोषी ठरलेल्यांकडून दंडाबरोबर कोर्टाचा खर्चही घ्यावा, हे कालच्या अंकातले पत्र वाचले आणि रात्री झोप लागली नाही. लेखकाचा हेतू चांगला असेल, पण पाचशे रुपयांच्या चलनापायी ज्याने हेलपाटे घातलेत, तो असे लिहिणार नाही.

माझे रहिमतपुरात शिलाईचे दुकान आहे. गेल्या वर्षी मोबाइलवर दुसऱ्याच शहरातले चलन आले, विनाहेल्मेट, पाचशे रुपये. फोटो उघडला तर पांढरी स्कूटर, पायाशी गॅसची टाकी, चालवणारा पंचविशीतला पोरगा. माझी काळी मोटारसायकल, मी साठीचा, आणि ते शहर मी पाच वर्षांत पाहिलेले नाही. पाटीवर चिखल उडाला होता, तीनचा आठ वाचला गेला. शेंबड्या पोरालाही कळेल अशी चूक! साताऱ्याला विचारायला गेलो तर तिथे सांगितले, "चलन तिकडचं आहे, तिकडं जा." ऑनलाइन तक्रार केली, उत्तर नाही. पुन्हा गेलो. ओळखीच्या वकिलांनी सांगितले, "काका, दोन-तीन तारखा पडतील. माझी फी सोडा, तुमचं जाणं-येणंच चलनाच्या वर जाईल. भरून टाका." ऐन लग्नसराईत दोन दिवस मशीन बंद होते, ब्लाउजांचा ढीग साचला होता, गिऱ्हाइके दारात. भरले पैसे. न केलेल्या गुन्ह्याची पावती आजही मोबाइलमध्ये आहे आणि ती दिसली की जीव जळतो.

कॅमेऱ्याच्या चलनाची नोटीस 15 दिवसांत पाठवावी, असा नियम केंद्राने 2021 मध्ये केला. मला ती सात महिन्यांनी आली. तोवर त्या दिवशी मी कुठे होतो, हे कशाने दाखवायचे?

पत्रात इंग्लंडचा दाखला आहे, तो अर्धाच आहे. तिथे एप्रिल 2015 मध्ये दोषींवर असाच कोर्टखर्चाचा आकार बसवला. किरकोळ गुन्हा लगेच कबूल केला तर 150 पौंड, खटला लढवून हरलात तर त्याच खालच्या कोर्टात 1,000 पर्यंत. एवढ्या धाकाने निरपराध माणूसही कबुली देईल, अशी ओरड झाली, कित्येक मॅजिस्ट्रेटांनी राजीनामे दिले आणि त्याच डिसेंबरात तो रद्द करावा लागला. आपल्याकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी खटले कसे चालवायचे, त्याचा कायदा) कलम 395 प्रमाणे वसूल दंडातून खटल्याचा खर्च आणि पीडिताला भरपाई देण्याचा अधिकार न्यायाधीशांना आहेच. समोरचा माणूस बघून ते ठरवतील. सरसकट आकार कशाला? ज्याचे चलन चुकीचे निघाले, त्याच्या बुडालेल्या रोजाचा आणि एसटी भाड्याचा खर्च कोण देणार, ते आधी ठरवा.

आणखी एक, हे आपल्यासाठी. लोकअदालतीत चलनांची तडजोड होते, ही बातमी आपल्या दैनिकात मी वाचली ती लोकअदालत उरकल्यावर. किती प्रकरणे निकाली निघाली, त्याचा फोटो चार कॉलमी होता. पुढच्या वेळी तारीख, ठिकाण आणि कोणते कागद आणायचे, हे आठ दिवस आधी पहिल्या पानावर छापावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, रहिमतपूर (ता. कोरेगाव, जि. सातारा)