आराखड्यात एसटीचं वेळापत्रक आणणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

विद्यापीठाच्या शैक्षणिक विभागातून कक्ष अधिकारी म्हणून तुम्ही निवृत्त झालात. बृहत् आराखड्याच्या पुस्तकात तुमचं नाव कुठेच नाही. आधी कुलगुरूंचं मनोगत, मग समितीतल्या मान्यवरांची यादी, आणि त्यानंतर पानंच्या पानं तक्ते. ते तक्ते कोणी भरून घेतले, कोणी ताडून पाहिले, चुकलेले कोणी पुन्हा पुन्हा परत पाठवले, हे आमच्यासारख्या तालुक्याच्या कॉलेजातल्या माणसांना पक्कं ठाऊक आहे. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितो आहे. नाव घेतलेलं तुम्हाला रुचणार नाही, तेव्हा तुमचंही घेत नाही आणि विद्यापीठाचंही नाही.

ज्यांचा या कामाशी संबंध येत नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 प्रमाणे प्रत्येक विद्यापीठाला पाच वर्षांचा बृहत् आराखडा करावा लागतो. अधिष्ठाता मंडळ तो तयार करतं. मग विद्या परिषद, व्यवस्थापन परिषद, अधिसभा असा प्रवास करून तो मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्य उच्च शिक्षण व विकास आयोगाकडे, म्हणजे माहेडकडे, मंजुरीला जातो. त्यातूनच पुढे दरवर्षीचा वार्षिक आराखडा निघतो. नवं कॉलेज कुठल्या गावात निघू शकतं हे ज्या स्थळबिंदूंवरून ठरतं, ते स्थळबिंदू याच आराखड्यात असतात. 1994 च्या जुन्या कायद्यातही ही तरतूद होती, तेव्हा हे काम बीसीयूडीकडे, म्हणजे महाविद्यालय व विद्यापीठ विकास मंडळाकडे, असे. कायदा बदलला तरी अट तीच राहिली: उच्च शिक्षणाच्या सोयी सगळीकडे समन्यायाने पोचाव्यात, आणि जे भाग मागे राहिले, त्यांच्या गरजेकडे विशेष लक्ष द्यावं.

प्रत्यक्षात आराखड्याचं वर्ष उजाडलं की गावोगाव एकच लगबग सुरू होते. आपल्या गावाचा बिंदू लागला पाहिजे. संस्थाचालक निवेदनं देतात, त्यांना शिफारसपत्रं जोडली जातात. मागण्यात गैर काही नाही. पण ज्या वाड्यांमधून निवेदन घेऊन कुणी येतच नाही, त्या वाड्या कोऱ्या राहतात. मागे राहिलेला भाग कायद्याने ज्यांना म्हटलं, ते बहुतेक वेळा हेच असतात.

तुमचं प्रपत्र आमच्या कॉलेजात आलं तेव्हा त्यात नेहमीचे रकाने होते. परिसरात कनिष्ठ महाविद्यालयं किती, बारावीला मुलं-मुली किती, जवळचं पदवी महाविद्यालय किती किलोमीटरवर. त्यांच्याखाली पट्टीने रेघा ओढून तुम्ही दोन रकाने हाताने वाढवले होते: ‘पहिली एसटी किती वाजता पोचते’ आणि ‘शेवटची एसटी किती वाजता सुटते’. आमच्या प्राचार्यांनी फोन लावून विचारलं, ‘मॅडम, हे ठरलेल्या नमुन्यात आहे का?’ तुम्ही म्हणालात, ‘नमुन्यात नाही सर. पण पोरींच्या घरी आधी हेच विचारतात.’

मी आगारात जाऊन गावागावांचं वेळापत्रक उतरवून आणलं आणि आमच्या बी.एस्सी.च्या वेळापत्रकाशेजारी ठेवलं. प्रॅक्टिकल दुपारी अडीच ते साडेपाच. डोंगरपट्ट्याकडे जाणारी शेवटची गाडी पाच दहाला. अंतराच्या रकान्यात 22 किलोमीटर लिहिलेलं, म्हणजे कागदावर कोणीही म्हणेल की कॉलेज हाकेच्या अंतरावर आहे. प्रयोगशाळेत काय चालतं ते मी रोज पाहत होतो. टायट्रेशन ऐन रंगात आलेलं असतं, आणि त्या गावांच्या मुली भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ब्युरेट रिकामी करतात, अॅप्रनचा बोळा पिशवीत कोंबतात आणि स्टँडकडे धावतात. जर्नलमध्ये शेवटचं रीडिंग शेजारणीचं उतरवलेलं. पुढच्या वर्षी त्यातल्या बऱ्याच जणी कला शाखेत दिसतात, कारण तिथे प्रॅक्टिकल नाही. काही दिसतच नाहीत. त्यात भर म्हणजे अहिल्याबाई होळकर योजनेतला मोफत पास बारावीपर्यंतच. बारावी संपली की मुलीच्या शिक्षणात रोजचं भाडं नव्याने येतं, आणि घरातली चर्चा तिथून सुरू होते.

‘आमच्या भागात मुलींचा कल विज्ञानाकडे कमी आहे’ असं वाक्य मी कितीतरी अहवालांत वाचलं आहे. तुमच्या त्या दोन रकान्यांनी त्या वाक्याला कायमचं उत्तर दिलं, आणि त्यासाठी मी तुमचा ऋणी आहे.

आपल्या राज्यातल्या विद्यापीठांचा इतिहासही मला आता असाच दिसतो, अंतर कापत गेलेला. 1962 मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झालं आणि दक्षिण महाराष्ट्राच्या पोरांचं पुण्याकडे बघणं थांबलं. 1990 मध्ये खानदेशाला जळगावचं विद्यापीठ मिळालं. 2004 मध्ये सोलापूरला एका जिल्ह्यापुरतं विद्यापीठ झालं. 2011 मध्ये चंद्रपूर आणि गडचिरोलीसाठी गोंडवाना विद्यापीठ नागपूरपासून वेगळं झालं. प्रत्येक वेळी कुणीतरी नकाशा समोर घेऊन विचारलं असणार की इथली मुलं एवढ्या लांब येणार कशी. तोच प्रश्न तुम्ही वाडीपर्यंत खाली नेलात.

आता ध्येय-उद्दिष्टांच्या कार्यशाळेबद्दल. जिल्ह्याच्या ठिकाणी प्राचार्य, प्राध्यापक, काही विद्यार्थी प्रतिनिधी आणि अधिसभेवर पदवीधरांमधून निवडून आलेले दोघे जमले होते. अशा सभेत काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. जुनं ध्येयवाक्य पडद्यावर येतं, कुणी ‘जागतिक’ शब्द घाला म्हणतं, कुणी ‘मूल्याधिष्ठित’, सगळं बसवून वाक्य चार ओळींचं होतं आणि जेवणाची वेळ होते. त्या दिवशी सूत्रसंचालन करणाऱ्या सरांनी तुम्हाला ‘तुम्हीही काही सांगा’ म्हटलं. तुम्ही उठून प्रत्येकाच्या हातात ध्येयवाक्याची एकेक प्रत दिलीत आणि सांगितलंत, क्रियापदांखाली रेघ मारा. घडवणे, पोचवणे, जोपासणे, सक्षम करणे. मग प्रत्येक रेघेखाली तीन गोष्टी लिहा: हे कोण करणार, पैसे कुठल्या लेखाशीर्षातून येणार, आणि पाच वर्षांनी कुठला कागद उघडला की हे झालं की नाही ते कळेल.

सभागृहात बराच वेळ पेनांचाच आवाज होता. ‘पोचवणे’खाली लिहायला आमच्या गटाकडे एसटीचे दोन रकाने होते. ‘जोपासणे’खाली कुणालाच काही सुचेना, तेव्हा एका विद्यार्थिनीने सुचवलं की बोलीभाषांची नोंद करणारा एखादा छोटा प्रकल्प असेल तरच हा शब्द ठेवावा. माझ्या मते त्या दिवशीची ती सर्वांत मोलाची सूचना होती. ‘सक्षम करणे’ शेवटी काढून टाकलं, कारण त्याच्याखाली एकालाही काही लिहिता आलं नाही.

पुणे विद्यापीठाच्या बोधचिन्हावर ‘यः क्रियावान् स पण्डितः’ आहे, जळगावच्या विद्यापीठाचं ‘अंतरी पेटवू ज्ञानज्योत’, कोल्हापूरचं ‘ज्ञानमेवामृतम्’. ही वाक्यं मनात जपायची असतात, त्यांच्याखाली लेखाशीर्ष लिहायचं नसतं. पण उद्दिष्टांचा कागद वेगळा. तो विद्यापीठाने लोकांना दिलेला शब्द असतो आणि त्याचा हिशोब मागता आला पाहिजे. हा फरक तुम्ही कुणालाही न दुखावता सगळ्या सभागृहाच्या गळी उतरवलात.

आढाव्याचंही तसंच. नवा आराखडा करताना जुना उघडायची पद्धत आपल्याकडे फारशी नाही. मागचे पाच वर्षांचे संकल्प बाजूला राहतात आणि नवे लिहिले जातात. तुम्ही मागच्या आराखड्यातली प्रत्येक ओळ उतरवून तिच्यापुढे तीन घरं केलीत: झालं, अर्धवट, सोडलं. ‘सोडलं’ या घरात कारण लिहिणं सक्तीचं. पदभरती झाली नाही म्हणून, निधी आला नाही म्हणून, किंवा मुळात ते काम गरजेचंच नव्हतं म्हणून. एका विभागप्रमुखांनी विचारलं की ‘सोडलं’ची यादी मोठी झाली तर नॅकच्या, म्हणजे कॉलेज-विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या, समितीसमोर काय दाखवायचं. तुमचं उत्तर मला जसंच्या तसं आठवतं: ‘सर, नॅकचा सहावा निकष योजना कशी राबवली हेच विचारतो. कारण लिहिलेलं असेल तर दाखवायला काहीतरी आहे.’

मला त्या यादीतून सर्वांत जास्त शिकायला मिळालं. सोडलेल्या ओळी वाचताना लक्षात येतं की त्यांतल्या कितीतरी ओळींना अर्थसंकल्पात कधी जागाच नव्हती. आराखडा एका विभागाने लिहायचा आणि अर्थसंकल्प दुसऱ्याने, अशी रीत असेल तर असंच होणार. अधिसभेची बैठक वर्षातून किमान दोनदा व्हावी असं कायदा सांगतो आणि अर्थसंकल्पावर तिथे चर्चा होते. आमच्या भागातून निवडून आलेल्या सदस्यांना मी आता एकच विनंती करतो: प्रश्न विचारताना डाव्या हातात वार्षिक आराखडा ठेवा आणि उजव्या हातात अर्थसंकल्प.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक संस्थेला स्वतःचा विकास आराखडा करायला सांगितलं आहे, आणि तो प्राध्यापक, विद्यार्थी, कर्मचारी यांनी मिळून करावा असंही म्हटलं आहे. आमच्या कॉलेजच्या समितीत त्यामुळे प्रयोगशाळा परिचर आणि लेखनिकही आले. आमचे परिचर भाऊ पहिल्याच बैठकीत म्हणाले की मुली पळतात तेव्हा शेवटी फुटलेली काच तेच गोळा करतात. त्याच धोरणाचं लक्ष्य आहे की 2018 मध्ये 26.3 टक्के असलेलं उच्च शिक्षणातलं पटनोंदणीचं प्रमाण 2035 पर्यंत 50 टक्क्यांवर न्यायचं. दिल्ली-मुंबईत बसून हा आकडा मोठा आणि दूरचा वाटत असेल. आमच्याकडे तो पाच दहाच्या गाडीशी बांधलेला आहे.

आम्ही काय केलं तेही तुम्हाला कळवायला हवं. आमच्या परिसरात नवा स्थळबिंदू आम्ही मागितला नाही, आणि याबद्दल गावातल्या काही मंडळींचा रोष अजून आहे. आमचं म्हणणं असं की 22 किलोमीटरवर विज्ञानाचं चालू कॉलेज असताना दुसरं अर्धमुर्धं कॉलेज काढण्यापेक्षा मुलींचं वसतिगृह आणि प्रॅक्टिकलची वेळ हे दोन प्रश्न सोडवावेत. वेळेचा प्रश्न आमच्या हातातला होता. लांबच्या गावांच्या मुलींची बॅच आम्ही सकाळच्या सत्रात घेतली. त्यासाठी मला आणि माझ्या एका सहकारी मॅडमना आमची तासिका फिरवावी लागली, एवढंच. आता त्या मुली शेवटचं रीडिंग स्वतः घेतात. वसतिगृहाची ओळ अजून ‘अर्धवट’च्या घरात आहे. जागा ठरली आहे, पुढचं चालू आहे.

तुम्ही या कामासाठी रविवारी कार्यालय उघडून बसायचात. आमच्या शिपाईदादांना नोंदवहीसकट समोर बसवून पटसंख्या तपासायचात, त्यांना चहा पाजल्याशिवाय सोडायचा नाहीत. मान्यवरांच्या यादीत नसलेल्या माणसाने पाच वर्षांच्या कागदाला एवढं जपावं, याचं मला फार अप्रूप वाटतं. मनापासून आभार.

यंदा आमच्या कॉलेजच्या आराखड्याचा मधला आढावा आहे. झालं, अर्धवट, सोडलं हीच तीन घरं ठेवली आहेत. तक्ते भरून झाले की पोस्टाने पाठवतो. निवृत्त झालात तरी लाल पेन असेलच, चुकलेलं दिसलं तर नेहमीसारखं परत पाठवा.

आपला कृतज्ञ,
तालुक्याच्या कॉलेजातला रसायनशास्त्राचा एक शिक्षक