नळ पिळू नका, वॉशर बदला

महोदय,

नळ गळू लागला की घरोघरी पहिला उपाय एकच: तो आणखी पिळून बंद करायचा. नेमका तोच घातक. आतले झिजलेले रबरी वॉशर त्यामुळे अधिकच चिरते. गळतीखाली १० मिनिटे वाटी ठेवा. १०० मिलीलीटर साठले, तर दिवसाला १४.४ लीटर पाणी वाया जाते आहे.

दुरुस्ती फार तर अर्ध्या तासाची. आधी त्या नळाला पाणी सोडणारा कॉक बंद करून नळ उघडा, पाइपमधले पाणी जाऊ द्या. मोरीच्या जाळीवर फडके टाका, कारण मूठ काढताना तिचा बारीक स्क्रू हमखास तिथेच घरंगळतो. मग नळ अर्धा उघडा ठेवूनच स्पिंडल, म्हणजे मुठीखालचा वॉशर असलेला दांडा, पान्याने सोडवा. बंद स्थितीत सोडवायला गेलात तर वॉशर बैठकीवर, म्हणजे ते आत जिथे टेकते त्या कडेवर, दाबले जाऊन आटे खराब होतात. जुने वॉशर नमुन्यादाखल दुकानात न्यावे. अंदाजाने आणलेले बहुधा बसत नाही.

नवे वॉशरही आठवड्याभरात गळले, तर दोष बैठकीचा. बोट फिरवा, खाच लागते. बैठक सपाट करणाऱ्या सीट-कटर या हत्याराने ती हलक्या हाताने घासावी. पाणी मुठीखालून झिरपत असेल तर दांड्याभोवतीचा ग्लँड नट पाव फेराच आवळावा. अर्ध्या फेरात उघडबंद होणाऱ्या सिरॅमिक नळांना वॉशर नसतेच. तिथे आख्खे स्पिंडल बदलावे, मूठ बसते तिथले दाते मोजून. आणि तोंडातून गळणाऱ्या नळाला बाहेरून टेफ्लॉन टेप गुंडाळणे म्हणजे नुसता टेपचा नाश.

– एक वाचक